बायबल कुणी वाचायचं?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

आज बायबलवर बोलणार म्हटल्यावर आपल्यातल्या एकदोघांनी विचारलं, का रे बाबा, कुठल्या पाद्र्यानं गाठलं की काय? तसं काही नाही. मला कुणाला ख्रिस्ती करायचं नाही आणि कुणाच्या श्रद्धेची टवाळीही करायची नाही. मला बोलायचंय ते एका पुस्तकाला घातलेल्या कुलपाबद्दल. ते कुणी घातलं, कुणासाठी घातलं, कुणी फोडलं, आणि फोडणाऱ्यांनीच पुढं दुसरं कुलूप कसं आणलं, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय आपल्याला परका वाटायचं कारण नाही. शूद्रानं वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं ओता, उच्चारला तर जीभ कापा, असं गौतम धर्मसूत्रात लिहिलेलं आहे. आपण हे बोललो की शिकलेसवरलेले लोक ठरलेलं उत्तर देतात, "अहो, असं सगळ्याच जगात होतं." ठीक आहे. सगळ्या जगात होतं ना? मग ते कसं होतं, कुणाच्या विरुद्ध होतं आणि तिथल्या माणसांनी त्याचं काय केलं, ते नीट बघू या. 'सगळीकडे होतं' असं म्हणून सुटणारे लोक तेवढं मात्र कधी बघत नाहीत.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांत फरक काय? कॅथलिक चर्च म्हणतं, देवाचं वचन ग्रंथात आहे आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतही आहे. त्याचा खरा अर्थ सांगायचा अधिकार पोप आणि बिशप यांचा. प्रोटेस्टंट म्हणतात, अखेरचं प्रमाण ग्रंथ एकटाच. पोपची सत्ता ते मानत नाहीत. कॅथलिकांचे संस्कार सात, बहुतेक प्रोटेस्टंट मानतात दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६. आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे मार्टिन ल्यूथरनं सांगितलं की प्रत्येक श्रद्धावंत हा देवापुढं पुरोहितच आहे, मधल्या दलालाची गरज नाही.

यावरून एक सोपी गोष्ट तयार झाली. कॅथलिकांनी बायबल कोंडलं, प्रोटेस्टंटांनी ते मोकळं केलं. खलनायक एक, नायक एक, पिक्चर संपला. ही गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी आपल्या कामाची आहे.

सुरुवात लॅटिनपासून करतो. इसवी सन ४०० च्या आसपास जेरोम नावाच्या पंडितानं बायबल लॅटिनमध्ये आणलं. त्याला 'व्हल्गेट' म्हणतात. म्हणजे काय? सर्वसामान्यांचं, चालू वापरातलं. त्या काळी पश्चिम युरोपात लॅटिन ही बाजारात बोलायची भाषा होती. पुढं लोकांची बोली बदलत गेली, फ्रेंच झाली, इटालियन झाली, स्पॅनिश झाली. लॅटिन राहिली फक्त पाद्री, वकील आणि विद्यापीठांकडे. लोकांसाठी केलेलं पुस्तक जागचं हललं नाही, पण लोकांच्या हातातून गेलं. संस्कृतचं वेगळं काय झालं? भाषाच कुलूप झाली की दाराशी पहारेकरी ठेवायची गरज पडत नाही.

मग एक माणूस उठतो. बाराव्या शतकात, फ्रान्समधल्या लियों शहरातला व्यापारी, वाल्डो. त्यानं बायबलचे भाग बोलीभाषेत करून घेतले, संपत्ती वाटून टाकली आणि रस्त्यावर उभा राहून सांगायला लागला. त्याच्या मागं विणकर, कारागीर, बायका चालायला लागल्या. परवानगी नसताना प्रवचन करतात म्हणून चर्चनं त्यांना बाहेर काढलं. ११९९ साली मेट्झ शहरातले लोक, त्यांत बायाही, गुपचूप जमून फ्रेंच भाषेतलं बायबल वाचतात अशी तक्रार पोप तिसरा इनोसंट याच्याकडे गेली. त्याचं उत्तर बघा. ग्रंथ समजून घ्यायची इच्छा वाईट नाही, असं तो आधी म्हणतो. मग म्हणतो की जुन्या नियमात पर्वताला शिवणाऱ्या जनावराला दगडांनी मारायला सांगितलंय ते योग्यच आहे, अडाणी माणसानं ग्रंथाच्या उंचीला हात घालू नये म्हणूनच ते सांगितलंय. मित्रहो, शिवणं, जनावर आणि दगड! हे आपल्याला कुणी भाषांतर करून सांगायला नको.

१२२९ साली तुलूझच्या धर्मसभेनं नियमच केला. दक्षिण फ्रान्समध्ये पाखंडी ठरवलेल्या लोकांविरुद्ध वीस वर्षं युद्ध चाललं होतं, ते नुकतंच संपलं होतं. नियम असा की पाद्री नसलेल्या माणसानं बायबलची पुस्तकं जवळ बाळगायची नाहीत. फार तर स्तोत्रांचं किंवा प्रार्थनेचं पुस्तक ठेवावं, पण तेही बोलीभाषेत नको.

आता इंग्लंड. जॉन विक्लिफ हा ऑक्सफर्डचा पंडित. चर्चची संपत्ती आणि पोपची सत्ता यांवर त्यानं हल्ला चढवला. त्याच्या माणसांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीला अख्खं बायबल इंग्रजीत आणलं. तेव्हा छापखाने नव्हते, हातानं नकलून काढायचे. विक्लिफ १३८४ साली अंथरुणावर मेला. चर्चनं मेल्यावरही त्याला सोडलं नाही. १४२८ साली त्याची हाडं उकरून जाळली आणि राख नदीत टाकली. त्याच्या अनुयायांना लोलार्ड म्हणत. त्यांच्यासाठी १४०१ साली इंग्लंडमध्ये जिवंत जाळायचा कायदा आला. १४०९ साली आर्चबिशप अरंडेलनं नियम जाहीर केले की बिशपच्या मंजुरीशिवाय कुणी बायबलचं इंग्रजीत भाषांतर करायचं नाही आणि विक्लिफच्या काळापासून झालेलं असं भाषांतर वाचायचंही नाही.

नियम होता, पण लोक वाचत होते. त्या हस्तलिखितांपैकी अडीचशेहून जास्त आजही शिल्लक आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकून पाठ करायचे. जॉन फॉक्स या इतिहासकारानं १५१९ सालची कोव्हेंट्री शहरातली हकिगत नोंदवून ठेवली आहे. पोराबाळांना देवाची प्रार्थना आणि दहा आज्ञा इंग्रजीत शिकवल्या म्हणून काही पुरुष आणि मिसेस स्मिथ नावाची एक विधवा यांना पकडलं. बाईला आधी सोडून दिलं होतं. रात्र झाली होती म्हणून एक शिपाई तिला हात धरून घरी पोचवायला निघाला. चालता चालता तिच्या बाहीतून कागद चुरगळल्याचा आवाज आला. त्यानं कागद ओढून काढला. त्यावर तीच प्रार्थना आणि त्याच आज्ञा, इंग्रजीत. तिला परत नेलं आणि बाकीच्यांबरोबर जाळलं. बाहीतल्या एका कागदावर माणूस जाळला गेला. राज्य उलथवायचा कट नव्हता त्यात, पोरांना शिकवायचा धडा होता.

पण थांबा. सगळ्या कॅथलिक मुलखात असंच होतं का? नाही. ल्यूथरच्या आधी, १४६६ पासून, जर्मन भाषेतल्या अख्ख्या बायबलच्या १८ आवृत्त्या छापून झाल्या होत्या. १४७१ साली इटालियन बायबल छापलं गेलं. मग तिथं चाललं आणि इंग्लंडमध्ये का नाही? कारण इंग्लंडमध्ये ते पुस्तक बंडखोरांच्या हाती होतं. छापील बायबल महाग. शहरातल्या पैसेवाल्यानं विकत घेऊन फडताळात ठेवलं तर सत्तेला काही भीती नव्हती. विणकर, शिंपी, चांभार चौघांत बसून वाचायला लागले आणि विचारायला लागले की यात पोप कुठं आहे, दशमांश गोळा करणारा बिशप कुठं आहे, तेव्हा कुलूप आलं. नुसत्या वाचण्याला सत्ता भीत नाही. कोण वाचतंय आणि वाचून काय विचारतंय, याला ती भिते.

आता नायकाकडे येऊ. १५१७ साली ल्यूथरनं चर्चच्या पापक्षमेच्या धंद्याविरुद्ध आवाज उठवला. १५२२ साली त्याचा जर्मन नवा करार आला, १५३४ साली पूर्ण बायबल. घरातली बाई, गल्लीतली पोरं, बाजारातला माणूस कसा बोलतो ते ऐकून त्यानं भाषा घडवली. हे काम मोठंच. ते आपण नाकारायचं नाही.

त्याचं वाचलं कुणी? शेतकऱ्यांनी, वेठबिगारांनी. १५२५ साली दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन गावात शेतकऱ्यांच्या बारा मागण्या तयार झाल्या. त्या लिहिण्यात सेबास्टियन लोट्झर नावाचा चामड्या-केसाळ कातड्यांचं काम करणारा कारागीर होता. मागण्या काय? आमचा पाद्री आम्ही निवडणार. ख्रिस्तानं गुराख्यासकट सगळ्यांना आपल्या रक्तानं सोडवलंय, मग आम्ही कुणाच्या मालकीचे कसे? रान, नदी, मासे सगळ्यांचे. आणि शेवटी काय म्हणतात? यातली एखादी मागणी ग्रंथाविरुद्ध आहे असं ग्रंथातूनच दाखवा, आम्ही ती सोडून देऊ. अरे, ही तर ल्यूथरचीच भाषा! ग्रंथ हेच प्रमाण. तुम्ही शिकवलंत, आम्ही वाचलं, आता उत्तर द्या.

ल्यूथरनं सुरुवातीला दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावले. बंड पेटल्यावर मात्र त्यानं खुनी, लुटारू शेतकऱ्यांविरुद्ध असं पत्रक काढलं आणि सरदारांना सांगितलं की यांना कापा, भोसका, पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारा. सरदारांना काय, तेवढंच हवं होतं. मेलेल्या शेतकऱ्यांचा अंदाज लाखापर्यंत जातो. ल्यूथरनं ग्रंथ हातात दिला. त्याचा अर्थ वेठबिगार लावायला लागला तेव्हा ल्यूथर सरदाराच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

इंग्लंडमध्ये विल्यम टिंडेलनं मूळ ग्रीकवरून नवा करार इंग्रजीत केला. देशात छापता येईना म्हणून जर्मनीत पळाला. १५२६ साली वर्म्स शहरात छापलेल्या प्रती कापडाच्या गाठोड्यांत लपवून लंडनला आल्या. बिशपनं त्या गोळा करून जाळल्या. नांगर हाकणाऱ्या पोराला पाद्र्यापेक्षा जास्त शास्त्र कळेल अशी वेळ आणीन, असं टिंडेल एकदा एका पंडिताला म्हणाला होता. त्याचं भाषांतर का खुपलं ते बघा. जिथं 'चर्च' म्हणायची रीत होती तिथं त्यानं 'मंडळी' अशा अर्थाचा शब्द घातला. जिथं 'पुरोहित' म्हणत तिथं 'वडीलधारा'. 'प्रायश्चित्त करा' याऐवजी 'पश्चात्ताप करा'. शब्द बदलले आणि धंद्याचा पायाच हलला. 'प्रायश्चित्त करा' म्हटलं की पाद्री लागतो, दक्षिणा लागते. 'पश्चात्ताप करा' म्हटलं की माणूस एकटा पुरतो. १५३६ साली ब्रुसेल्सजवळ टिंडेलला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं.

दोनतीन वर्षांतच आठव्या हेन्रीनं, ज्यानं पोपशी संबंध तोडले होते त्या राजानं, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायला लावलं. १५३९ च्या त्या बायबलच्या पहिल्या पानावर चित्र आहे. राजा वर बसून बिशपांना आणि सरदारांना बायबल देतोय, ते खाली पोचवतायत आणि अगदी तळाला रयत राजाचा जयजयकार करतेय. रयतेनं ऐकावं आणि जय म्हणावं, एवढीच अपेक्षा. पण रयत वाचायला लागली. दारूच्या गुत्त्यात त्यावर वाद घालायला लागली.

मग १५४३ साली पार्लमेंटनं कायदा केला. हा कायदा कानात ठेवा. इंग्रजी बायबल कुणी वाचायचं नाही? बायकांनी, कारागिरांनी, उमेदवारी करणाऱ्या पोरांनी, रोजंदारीच्या कामगारांनी, घरगड्यांनी, शेतकऱ्यांनी, मजुरांनी. सरदार वाचू शकतो, घरच्यांना वाचून दाखवू शकतो. खानदानी बाई वाचू शकते, पण एकटीनं, मनातल्या मनात, दुसऱ्याला ऐकवायचं नाही. हा कायदा पोपनं केलेला नाही. पोपला हाकलून देणाऱ्या राजानं केलाय. १५४६ साली सेंटबरी टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्स नावाच्या मेंढपाळानं विकत घेतलेल्या दुसऱ्याच एका पुस्तकात लिहून ठेवलंय की मेंढपाळांना नवा करार वाचायला बंदी झाली तेव्हा हे घेतलं, देव हे आंधळेपण दूर करो. हेन्री मेल्यावर १५४७ साली तो कायदा गेला. मेंढपाळाचे ते शब्द राहिले.

कॅथलिक चर्चनं प्रोटेस्टंटांना उत्तर दिलं ते ट्रेंटच्या धर्मसभेत. १५४६ साली ठरलं की प्रमाण बायबल म्हणजे लॅटिन व्हल्गेट आणि चर्चनं लावलेल्या अर्थाविरुद्ध कुणी आपल्या बुद्धीनं अर्थ लावायचा नाही. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीबरोबर नियम आला की बोलीभाषेतलं बायबल वाचायचं असेल तर बिशपची किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी काढा. ती मिळायची पाद्र्याच्या शिफारशीवर. परवाना नसलेल्याला बायबल विकलं तर दुकानदाराची किंमत जप्त. दारूचा परवाना असतो तसा बायबलचा परवाना! पुढं १७५७ साली रोमनं मान्य केलेल्या, टीपा जोडलेल्या भाषांतरांना वाट मोकळी झाली. आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट सांगितलं की सगळ्या श्रद्धावंतांना बायबल सहज मिळालं पाहिजे. म्हणजे आज कॅथलिकाला बायबल वाचायला बंदी आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मात्र अखेरचा अर्थ सांगायचा अधिकार चर्चनं स्वतःकडेच ठेवलाय.

आता प्रोटेस्टंटांचं नवं कुलूप. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडिजमधल्या निग्रो गुलामांसाठी निवडलेले भाग म्हणून. बायबलची प्रकरणं १,१८९. या पुस्तकात ठेवली २३२. काय काढलं? इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोक बाहेर पडतात ती सगळी गोष्ट. काय ठेवलं? दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा, हे. पुस्तक हातात दिलं आणि पुस्तकाचा प्राण काढून घेतला. अमेरिकेत तर वाचणंच गुन्हा झालं. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामानं बंड केलं. तो बायबल वाचणारा, प्रवचन करणारा माणूस. त्याच्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना लिहायवाचायला शिकवण्याविरुद्धचे कायदे आणखी आवळले. कायदे करणारे बहुतेक प्रोटेस्टंट, रविवारी घरोघर बायबल वाचणारे. तरी माणसं रात्री शिकली आणि काढून टाकलेली इजिप्तची गोष्ट गाण्यांतून गात राहिली.

आपल्या मराठी मुलखात हे दोन्ही पंथ आले. गोव्यात कॅथलिक. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. भाषा गोड, ओवी आपली. पण लोकांना मिळालं ते पुराण, बायबल नव्हे. आणि १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. दुसरीकडे बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरी, मूळचा जोडे शिवणारा इंग्रज. त्याच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार आला. प्रोटेस्टंटांनी पुस्तक दिलं खरं, पण मराठी लिहिताना लेखणी बरेचदा पंडिताच्या हातात. साध्या माणसाच्या जिभेवर न बसणारी संस्कृताळलेली भाषा त्यात शिरली.

ही गोष्ट ओळखली ती एका बाईनं. पंडिता रमाबाई. संस्कृतात पारंगत, पण वेद बाईनं वाचायचा नाही म्हणून वडिलांनी तिला पुराणं शिकवली, वेद नाही. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली तेव्हा ती चकित झाली. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनी तिला सांगायला लागल्या की चर्च सांगतं ते मान. रमाबाईंनी पत्रांतून कळवलं की इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. पुढं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून एकटीनं अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवायला, छापायला मुक्ती मिशनमधल्या बायका. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली पुस्तक बाहेर पडलं. १५४३ च्या कायद्यानं ज्यांना वाचायला बंदी केली होती त्यांनी इथं भाषांतर केलं, खिळे जुळवले, छापलं. आपण रमाबाईंचा धर्म घेऊ नये. त्यांची ती ताठ मान घ्यावी.

आता मी आपल्याकडे येतो, कारण त्याशिवाय हे सगळं बोलणं म्हणजे परदेशवारी होईल. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. त्यांनी संस्कृत ग्रंथ तरी वाचलेच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती न वाचता जाळलेली नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, ते गेल्यावर, प्रसिद्ध झाला. वर्षावासात वस्तीवस्तीतल्या विहारांत तो वाचला जातो. चांगली रीत आहे. पण बघा, वाचणारा एक, ऐकणारे शंभर. मधेच हात वर करून "हे मला पटलं नाही, पुन्हा सांगा" असं कोण विचारतं? बायका पहिल्या रांगेत बसतात, पण वाचायला किती वेळा उभ्या राहतात? आणि एखाद्या पोरानं वेगळा अर्थ लावला की आपलेच पुढारी त्याला गद्दार ठरवायला किती वेळ लावतात?

आज कुठलाही ग्रंथ मोबाइलवर मिळतो. जुनं कुलूप गेलं. पण अर्थ सांगायचा ठेका घेणारे संपलेले नाहीत. ते आपल्यातही तयार होतात, आपल्याच झेंड्याखाली, आपल्याच महापुरुषाचं नाव घेऊन. शेतकऱ्यांनी ल्यूथरला जे विचारलं ते आपण आपल्या पुढाऱ्यांना विचारायला शिकलं पाहिजे. हे ग्रंथात कुठं आहे, दाखवा. दाखवता येत नसेल तर आम्हाला वाचू द्या.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या अभ्यासवर्गापासून भाषण करणारा एक आणि टाळ्या वाजवणारे बाकीचे, हे बंद करू. प्रत्येकानं एकेक प्रकरण घरून वाचून आणायचं. घरातल्या आयाबहिणींना बरोबर आणायचं, चहा करायला नव्हे, वाचायला. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं, आणि पहिला प्रश्न त्यानं विचारायचा. उत्तर आलं नाही तर आलं नाही म्हणून सांगायचं आणि पुढच्या वेळी शोधून आणायचं. कोणतं पुस्तक आधी घ्यायचं ते आत्ता इथंच ठरवू.

मी थांबतो. बोला आता तुम्ही.